शिट्टीआधीची दहा मिनिटं

सकीनाबीच्या अंगणातली देग तिचं भाषण झाल्याशिवाय आजवर कधी उचलली गेली नव्हती. येरवड्यात निकाहाची बिर्याणी म्हटली की लोक तिचं नाव घेत, आणि नावापाठोपाठ तिच्या तोंडाचंही घेत. ताटात मीठ एक वेळ कमी पडेल, तिच्या बोलण्यात कधी पडायचं नाही.

भरलेली देग चुलीवरून टेम्पोत चढवायची म्हणजे कड्यांतून दोन दांडे घालायचे आणि दांड्यांना चार माणसं लावायची. ती चार माणसं हात धुऊन उभी राहिली की सकीनाबी पदर खोचून समोर यायची.

"गेनबा, तू पुढे डावीकडे. शाहिद, तू त्याच्या मागे. मी 'हं' म्हणेन तेव्हाच उठायचं, गुडघ्यातून, कमरेतून नाही. हात भाजला, पाय सरकला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'ठेव' म्हणून ओरडायचं. 'ठेव' ऐकलं की जो जिथे असेल तिथे खाली ठेवायचं. ओरडला म्हणून कुणी कुणाला हसायचं नाही. हसायचं काम माझं."

"चाची, पंधरा वर्सं झाली उचलतोय मी," गेनबा म्हणायचा. "झोपेत बी पाठ हाय मला."

"झोपेतच उचलतोस म्हणून सांगते."

आणि मध्येच कुणी हसलं, तर ती सगळं पहिल्यापासून सुरू करायची. तिचा नवरा अय्युब, त्याच्या पायावर बावीस वर्षांपूर्वी उकळता शोरबा सांडला होता. एकाने आधी उचललं, बाकीच्या तिघांना कळलंच नाही. तो पाय शेवटपर्यंत भाजल्या वांग्यासारखा राहिला. कफन घालतानाही सकीनाबीने आधी तो पाय पाहिला होता. त्यानंतर तिच्या देगेपाशी कुणाला न सांगता काही झालं नाही.

तिची मुलगी आलिया विश्रांतवाडीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि सुट्टीच्या दिवशी रग्बीच्या सामन्यांत रेफरी असायची. लग्नाचं विचारायला येणाऱ्या बायकांना सकीनाबी सांगायची, "माझी मुलगी शिट्टी वाजवते आणि तीस जणी जागच्या जागी थांबतात. तुमच्या घरात तुमचं कोण ऐकतं?" बायका चहा अर्धा टाकून जायच्या. पण घरात मात्र मुलीचं कौतुक तिने कधी तोंडाबाहेर काढलं नाही.

मागच्या पावसाळ्यात ती एकदा सामना पाहायला गेली. पाहते तर आलिया सामन्याच्या आधी चिखलात उकिडवी बसलेली आणि समोर सहा दांडग्या मुली. दोन्ही संघांच्या पहिल्या रांगेतल्या तिघी तिघी. स्क्रम लागतो तेव्हा आठ-आठ जणी वाकून एकमेकींना रेटतात, आणि या पहिल्या रांगेतल्या मुलींची डोकी समोरच्या मुलींच्या डोक्यांत अडकलेली असतात. सगळ्यांचं वजन यांच्या मानेवर. आलिया त्यांना एकेक गोष्ट सांगत होती. जर्सी कुठे धरायची, कुठे नाही. स्क्रम लावताना आपण कोणते तीन शब्द म्हणणार, दोन शब्दांमध्ये किती थांबणार. आणि शेवटी, "मान वाकडी होतेय असं वाटलं तर 'नेक' म्हणून ओरडा. मी त्या क्षणाला शिट्टी वाजवीन. ओरडलीस म्हणून तुझ्या टीमला दंड नाही. कुणी हसणार नाही."

दहा मिनिटं गेली. बाजूला एका संघाचे कोच पृथ्वीराज घड्याळ पाहत उभे होते. "मॅडम, आपण शिट्टी वाजवायला येता की आमच्या मुलींना शिकवायला?" ते म्हणाले. "शिकवायला आम्ही आहोत. रेफरीने आधी बोलायचं नसतं. एकीला एक शब्द जास्त सांगितला गेला की झाला पक्षपात."

"दोन्ही संघांना एकत्रच सांगते मी, सर. आपणही ऐका."

"मला नियम येतात."

परत येताना सकीनाबी स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "बरोबर बोलला तो माणूस. सामना लावायचा की मशिदीतल्या मौलानासारखा वाज करायचा? मुली काय पहिल्यांदा खेळतात?"

"एखादी पहिल्यांदाच असते, अम्मी."

"एकीसाठी सगळ्यांचा वेळ घ्यायचा?"

आलिया हसली होती. आरशात सकीनाबीला ते हसू दिसलं होतं. का हसली ते तिला तेव्हा कळलं नाही.

मग एका रविवारी दुपारच्या जेवणाची मोठी ऑर्डर होती आणि चौथा माणूस आलाच नाही. आलिया पांढरे मोजे वर ओढून, गळ्यात शिट्टी अडकवून निघाली होती. नऊचा सामना, पण ती नेहमी तासभर आधी पोचायची.

"इकडे ये. दांडा धर," सकीनाबी म्हणाली.

"अम्मी, मला..."

"पाच मिनिटांचं काम आहे. एवढे दंड कमावलेस ते कशाला?"

आलियाने दांडा धरला. ती अठराव्या वर्षापासून देग उचलत आली होती. सकीनाबी समोर उभी राहिली आणि भाषण सुरू केलं. निम्म्यावर आलिया म्हणाली, "अम्मी, सगळ्यांना माहीत आहे. उचलू या ना."

"माहीत असलं तरी ऐकायचं."

शाहिदला हसू आलं. सकीनाबीने त्याच्याकडे पाहिलं, पदर पुन्हा खोचला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मग देग उचलली, टेम्पोत चढवली. मग दुसरी देग होती. दुसऱ्या देगेचं भाषण वेगळं, कारण ती लहान आणि तिचं एक कडं ढिलं.

आलिया निघाली तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. "माझं ब्रीफिंग राहणार आज," ती हेल्मेट घालता घालता म्हणाली.

"तुझं भाषण राहिलं तर काय आभाळ कोसळतंय का?" सकीनाबी म्हणाली आणि देगेच्या तोंडाची कणीक चाचपायला वळली.

मैदानावर काय झालं ते तिला तिसऱ्या दिवशी कळलं. सांगितलं सलोनीने. ती पृथ्वीराजांच्या संघाविरुद्ध खेळलेल्या संघाची कॅप्टन, आलियाकडे शाळेत शिकलेली. आलिया आतल्या खोलीत दार लावून बसली होती, म्हणून सलोनी स्वयंपाकघरातच पाटावर टेकली.

"मॅडम नऊला दोन मिनिटं असताना आल्या, आंटी. म्हणाल्या, फ्रंट रोला पाच मिनिटं द्या. तर पृथ्वीराज सर म्हणाले, ग्राउंड साडेदहापर्यंतच आपल्याकडे आहे, नंतर क्रिकेटवाले येणार, स्टार्ट करा. मॅडमनी केलं स्टार्ट." सलोनी ओढणीचं टोक पिळत होती. "सरांच्या टीमची नेहमीची हुकर, फ्रंट रोमधली मधली, आजारी होती. राजनंदिनीला मध्ये घातलं. लोणी काळभोरची आहे ती. फ्रंट रोमध्ये तिची फर्स्ट मॅच. विसाव्या मिनिटाला स्क्रम कोसळला. आम्ही सगळ्या उठलो, आंटी. ती उठली नाही."

सकीनाबीने गॅस बंद केला.

"चौकशी बसलीय," सलोनी म्हणाली. "पृथ्वीराज सरांनी लिहून दिलंय की मॅडमनी ब्रीफिंग केलं नाही. म्हणजे बघा! पण आम्ही सगळ्या रेडी आहोत. विचारलं तर सांगू, झालं होतं ब्रीफिंग. त्यांच्या टीममधल्याही दोघी तयार आहेत. फक्त मॅडमनी हो म्हणायला पाहिजे."

सकीनाबीला ती मुलगी फार शहाणी वाटली. तिने तिला पोटभर जेवायला घातलं आणि ती गेल्यावर आलियाचं दार ठोकलं.

"उघड. तुझ्या मुली तुझ्यापेक्षा हुशार आहेत. सांगितलं होतं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. एक शब्द. हो."

आलियाने दार उघडलं. तीन दिवसांत तिचे डोळे आत गेले होते. "आणि राजनंदिनीला विचारलं तर?"

"तिला कोण विचारतंय?"

बोलून गेल्यावर सकीनाबीला आपलेच शब्द ऐकू आले.

"तेच तर," आलिया म्हणाली. "तिला कुणी काही विचारत नाही. आणि कुणी काही सांगितलंही नाही. मला सामना थांबवता आला असता, अम्मी. रेफरी मी होते. क्रिकेटवाले माझं काय करणार होते? पण उशिरा मी आले होते, म्हणून मला लाज वाटली. लाजेपायी मी शिट्टी वाजवली."

"उशिराचं कारण काय लिहून दिलंस?"

आलियाने नजर वळवली. "स्कूटर बंद पडली."

सकीनाबी दारात उभी राहिली. स्वतःला वाचवायला एक खोटा शब्द न बोलणारी ही मुलगी, आईसाठी कागदावर खोटं लिहून आली होती. सकीनाबीला त्यावर काहीतरी बोलायचं होतं. ती अंगणात गेली, उपडी घातलेल्या देगेवर बसली आणि बावीस वर्षांपूर्वी जो माणूस हात जोडून तिच्या दारात उभा राहिला होता, तो तिला आठवला. आधी उचलणारा. त्याला तिने काय काय बोलून हाकललं होतं तेही आठवलं.

चौकशी रग्बी संघटनेच्या ऑफिसात होती. टेबलामागे तिघं, मध्ये ज्ञानदेव सर, पिकल्या मिशांचे, जुने खेळाडू. समोर आलिया आणि पृथ्वीराज. सकीनाबीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली, आणि तिला उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

पृथ्वीराज म्हणाले, "या मॅडम दर सामन्याला सूचना देतात. मुलींना त्याची सवय झालेली. त्या दिवशी दिल्या नाहीत. नव्या मुलीला काही माहीत नव्हतं. जबाबदारी कुणाची?"

"मागच्या पावसाळ्यात तर तुम्ही म्हणत होता, रेफरीने बोलूच नये," सकीनाबी मागून म्हणाली. "तेव्हा जीभ भाड्याने आणली होती का?"

"आपण कोण?" ज्ञानदेव सरांनी विचारलं.

"हिची आई. मला एक सांगायचंय. स्कूटर बंद नव्हती पडली."

"अम्मी!"

"गप्प बस. साहेब, हिला मी थांबवून घेतलं. देग उचलायला. नुसतं उचलायला नाही, माझं भाषण ऐकायला. तेही दोनदा. हिचं राहिलं ते माझ्यामुळे. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. सकीना अय्युब बागवान. अंगठा नाही, सही करते मी."

सकीनाबी उभी होती. आयुष्यात 'चुकलं' हा शब्द तिने कधी कुणापुढे उच्चारला नव्हता. आजही तो तिने उच्चारला नव्हताच, पण त्याच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढी ती गेली होती. तिला वाटलं, आता कुणीतरी रागावेल. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

ज्ञानदेव सर अगदी सौम्यपणे म्हणाले, "बसा, बाई. यात तुमचा काही संबंध येत नाही. खरं तर तुमच्या मुलीचाही येत नाही. आमच्या स्पर्धेच्या नियमांत कुठेही असं लिहिलेलं नाही की रेफरीने सामन्याआधी खेळाडूंना सूचना द्यायलाच हव्यात. जे करणं बंधनकारक नाही, ते केलं नाही म्हणून दोष कसा देणार? स्क्रम कोसळला, दुर्दैव. आलिया मॅडमवर कारवाई नाही. पृथ्वीराज सरांवरही नाही."

"मग कुणावर?" सकीनाबीने विचारलं.

ते सरांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल. "एक मात्र ठरलं आहे," ते पुढचा कागद उचलत म्हणाले. "यापुढे आमच्या कुठल्याही सामन्यात रेफरी आधी ब्रीफिंग करणार नाही. सांगितलं की जबाबदारी अंगावर येते. उद्या एकीला सांगायचं राहिलं की परत हेच. त्यापेक्षा कुणालाच नको."

पृथ्वीराजांनी मान डोलावली. त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे सकीनाबीनेही पाहिलं.

"म्हणजे मी मैदानावर जायचं," आलिया म्हणाली, "पहिल्या रांगेत नवी मुलगी दिसली तरी तिच्याशी बोलायचं नाही?"

"फक्त शिट्टी, मॅडम."

आलियाने गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी टेबलावर ठेवली. आवाजही झाला नाही. "मग ही वाजवायला कुणीही चालेल, सर."

जिना उतरून खाली आल्यावर सकीनाबी म्हणाली, "हॉस्पिटलात चल."

"मी रोज जाते," आलिया म्हणाली. "पॅसेजपर्यंत. पुढे पाय उचलत नाही."

"आज मी आत जाते. तू तुझ्या पॅसेजमध्ये थांब."

राजनंदिनी कॉटवर सरळ उताणी होती. मानेभोवती जाड पट्टा, डोळे छताला. एकोणीस वर्षांची मुलगी, खांदे एखाद्या पैलवानासारखे. शेजारी स्टुलावर तिची आई द्वारका बसली होती, काटकुळी, डोक्यावर पदर. गेले आठ दिवस सकीनाबी शाहिदच्या हाती डबा पाठवत होती. द्वारकेने तिला डब्यावरूनच ओळखलं.

"या, भाभी. तुमचीच पोरगी ना ती शिट्टीवाली? रोज दाराबाहेर हुबी ऱ्हाती. म्या बघती."

"माझीच."

"एक विचारू? तिनं आदी सांगितलं न्हवतं का वो काय? आमची नंदू लई ऐकणारी हाय. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगाया लागत न्हाई." द्वारकेने मुलीच्या कपाळावरचा केस बाजूला केला. "ती म्हनती, मान मुरगळाया लागली तवाच तिला कळलं हुतं. पन वरडले तर आपल्या टीमला दंड बसंल, पोरी नावं ठेवतील, म्हून गप ऱ्हायली. दात खाऊन ढकलत ऱ्हायली."

सकीनाबीने डबा खाली ठेवला. तिच्या हाताला ते चार पुडांचं ओझं देगेपेक्षा जड झालं होतं.

"सांगणार होती," ती म्हणाली. "दर वेळी सांगते. मान वाकडी झाली की ओरडा, दंड नाही, कुणी हसणार नाही. त्या दिवशी तिला उशीर झाला. मी केला उशीर. माझ्या कामाला धरून ठेवली." ती थांबली. इथे टेबल नव्हतं, कागद नव्हता. "माझं चुकलं."

द्वारकेने तिच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

तेवढ्यात सिस्टर आत आल्या. "चला, कूस बदलायचीय. चार जण लागतील. वॉर्डातले मामा सुट्टीवर आहेत. कोण कोण आहे?"

"म्या हाय," द्वारका उठली. मग सकीनाबीकडे न पाहता म्हणाली, "हात धुवा, भाभी. येळ झाली तिची."

"तुम्ही दोघी, मी डोकं धरते. अजून एक जण?"

सकीनाबी दारापर्यंत गेली. पॅसेजमध्ये आलिया भिंतीला टेकून उभी होती. सकीनाबीने तिला हाक मारली नाही, नुसता हात पुढे केला. देगेपाशी माणूस कमी पडला की करायची तसा. आलिया आली.

"मी तीन म्हटलं की वळवायचं," सिस्टर म्हणाल्या. "एक..."

"थांबा," सकीनाबी म्हणाली. "कुणी काय धरायचं ते सांगा आधी."

"आजी, रोजचंच आहे हे. दर दोन तासांनी करतो आम्ही."

"रोजचं असलं तरी सांगा."

"मला पण सांगा," कॉटवरून आवाज आला. बारीक, घसा कोरडा पडलेला. "तुम्ही कधी धरता, कधी सोडता, मला कळतच नाही. एकदम छतच फिरतं."

आलिया कॉटच्या कडेला उकिडवी बसली, तोंड राजनंदिनीच्या तोंडासमोर येईल अशी. चिखलात बसायची तशीच.

"ऐक. सिस्टरने डोकं धरलंय. तुझ्या आईने खांदे. माझ्या अम्मीने कंबर. मी पाय धरणार. तीन म्हटलं की चौघी मिळून तुला भिंतीकडे वळवणार, एकदम, मान आणि पाठ एका रेषेत. मध्येच कुठे दुखलं तर..."

"ओरडायचं," राजनंदिनी म्हणाली.

"ओरडायचं. आम्ही तिथेच थांबू. कुणी काही म्हणणार नाही."

राजनंदिनीने डोळे तिच्याकडे वळवले. "एवढंच सांगायचं होतं का त्या दिवशी?"

"एवढंच."

द्वारकेने पदराचा बोळा तोंडात धरला. आलिया उठली, पायांशी गेली. सकीनाबीने दोन्ही तळवे मुलीच्या कमरेखाली सरकवले, देगेचं कडं धरावं तसे घट्ट. अंग चांगलं ऊन होतं.

"धरलं का?" राजनंदिनीने छताला विचारलं.

"धरलंय, बेटा," सकीनाबी म्हणाली.

सिस्टर म्हणाल्या, "एक."